शंकरराव किर्लोस्कर : नांगराच्या जाहिरातीपासून व्यंगचित्रापर्यंत



आपल्या परिपाठात थोरांची ओळख करून देताना ठरलेली नावं येतात. समाजसुधारक, संत, शास्त्रज्ञ, खेळाडू, क्वचित एखादा चित्रकार. व्यंगचित्रकार मात्र त्या यादीत नसतो. तरी पेपर हातात आला की मोठी माणसं आणि मुलं, दोघंही आधी शोधतात ते व्यंगचित्रच. दरवर्षी ५ मे रोजी व्यंगचित्रकार दिन असतो, पण तो उन्हाळी सुट्टीत येतो, त्यामुळे शाळेत त्याची आठवण निघत नाही. म्हणून आजचा लेख एका व्यंगचित्रकारावर. शंकर वासुदेव किर्लोस्कर, म्हणजेच 'शंवाकि'.

किर्लोस्कर म्हटलं की आपल्याला पंप आठवतो. आमच्या नाशिक भागात द्राक्षबागेच्या विहिरीवर हे नाव न दिसणारा शेतकरी कमीच. पण याच घरातल्या एका माणसाने टाक आणि काळी शाई घेऊन मराठी समाजाला आरसा दाखवला, हे आपल्या मुलांना माहीत नसतं. खरं सांगायचं तर डी.एड. करताना आम्हालाही ते कुणी सांगितलं नव्हतं.

चित्रकार व्हायचं राहून गेलेले काका

शंकररावांचा जन्म ८ ऑक्टोबर १८९१ चा, सोलापूरचा. वडील वासुदेवराव डॉक्टर होते. लक्ष्मणराव किर्लोस्कर, म्हणजे उद्योगाचे संस्थापक, हे त्यांचे काका. गोष्टीची सुरुवात खरी या काकांपासून होते.

लक्ष्मणरावांना चित्रकार व्हायचं होतं. त्यासाठी ते मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये दाखल झाले. तिथे लक्षात आलं की त्यांना काही रंग नीट ओळखू येत नाहीत. आज आपण ज्याला रंगांधळेपणा म्हणतो, त्याचा काही अंश त्यांच्या डोळ्यांत होता. रंगचित्रं सुटली, पण रेषा सुटली नाही. ते यंत्रांची रेखाटनं करायला शिकले आणि मुंबईच्या व्हिक्टोरिया जुबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये तोच विषय शिकवू लागले. पुढे बेळगावला सायकलचं दुकान, मग कडबा कापायचं यंत्र, मग लोखंडी नांगर. बेळगावहून उठावं लागलं तेव्हा औंध संस्थानच्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी कुंडल रोड स्टेशनजवळची निवडुंगाने भरलेली माळरानाची जागा दिली आणि १९१० साली किर्लोस्करवाडी उभी राहिली. आज हा भाग सांगली जिल्ह्यात येतो.

हे बाळासाहेब पंतसुद्धा चित्रकार होते बरं का! रामायणावर त्यांनी चित्रमालिका काढली आहे आणि औंधचं संग्रहालय त्यांचंच. म्हणजे नांगराचा कारखाना काढणारा माणूस चित्रकलेचा विद्यार्थी, आणि जागा देणारा राजाही चित्रकार. अशा वातावरणात पुतण्याने चित्रकार व्हायचं ठरवलं तर घरात कुणी कपाळाला हात लावला नसेल, असं मला वाटतं. आजच्या पालकांनी या ओळीशी क्षणभर थांबावं.

चित्रकला शिकायला शंकरराव गेले ते थेट लाहोरला. तिथे पंडित श्रीपाद दामोदर सातवळेकरांचा स्टुडिओ होता. सातवळेकरांना आपण वेदांचे अभ्यासक म्हणून ओळखतो, पण ते मूळचे जे. जे. मध्ये शिकलेले चित्रकार. पुढे तेही औंधला येऊन राहिले. सोलापूरचा मुलगा लाहोरला एका मराठी माणसाकडे चित्रं काढायला शिकतो, ही गोष्ट मुलांना नकाशावर बोट ठेवून दाखवावी. सोलापूर कुठे आणि लाहोर कुठे! भूगोल आणि इतिहास दोन्ही एकाच बोटाने होतात.

नांगर विकायचा कसा?

शिकून आल्यावर विशीतले शंकरराव किर्लोस्करवाडीला आले ते कारखान्याच्या विक्रीचं आणि जाहिरातीचं काम बघायला. हे काम वाटतं तितकं सोपं नव्हतं. लोखंडी नांगराने जमिनीत विष उतरतं, जमीन नासते, असा शेतकऱ्यांचा समज होता. पहिले चाळीस नांगर खपायला दोन वर्षं गेली. गंमत अशी की पिढ्यान्‌पिढ्या वापरात असलेल्या लाकडी नांगराचा फाळही लोखंडाचाच होता! जमिनीत जाणारं टोक लोखंडाचं चालत होतं, पण सगळा नांगर लोखंडाचा आला की विष. यात आपल्याला आज हसू येतं, पण नवी वस्तू घरात आली की आपणही अशीच काहीबाही कारणं शोधतो.

आता विचार करा. ज्याला नांगर विकायचा आहे तो शेतकरी बहुतेक निरक्षर. १९३१ च्या जनगणनेतसुद्धा देशात शंभरात दहा माणसंही साक्षर नव्हती. त्याच्या आधीची स्थिती त्याहून वाईट. अशा माणसाला मजकुराची जाहिरात काय कामाची? चित्र मात्र त्याला कळतं, आणि तेही साधं, एका नजरेत समजणारं हवं. बारीक छटांचं सुंदर निसर्गचित्र इथे उपयोगाचं नाही. बैल, नांगर, उलटलेलं ढेकूळ आणि शेतकऱ्याचा चेहरा एवढ्यातच सगळं सांगायचं.

शंकररावांच्या रेषेतला सरळपणा या कामात घडला असं माझं मत आहे. कमी रेषांत मुद्दा सांगणं ही जाहिरातदाराची गरज असते, आणि व्यंगचित्रकाराची तर ती पोटापाण्याची कला.

निरक्षर माणसापर्यंत चित्र कसं पोचतं याचं जगातलं प्रसिद्ध उदाहरण अमेरिकेचं आहे. थॉमस नॅस्ट नावाच्या व्यंगचित्रकाराने १८७० च्या सुमारास न्यूयॉर्कच्या ट्वीड नावाच्या भ्रष्ट पुढाऱ्याला चित्रांतून सळो की पळो करून सोडलं. आपल्याविरुद्ध छापलेले लेख त्याच्या मतदारांना वाचता येत नव्हते, पण चित्रं सगळ्यांना कळत होती. पुढे हा पुढारी तुरुंगातून पळून स्पेनला गेला, तेव्हा तिथे तो ओळखला गेला तो नॅस्टच्या चित्रावरूनच. ही गोष्ट सहावी-सातवीच्या मुलांना जरूर सांगा, जाम आवडते.

खबर ते किर्लोस्कर

१९२० साली शंकररावांनी 'किर्लोस्कर खबर' सुरू केलं. कारखान्याची माहिती गिऱ्हाइकांपर्यंत आणि एजंटांपर्यंत पोचावी म्हणून काढलेलं हे छोटं पत्र. नवं यंत्र आलं, अमक्या गावी नांगराचं प्रात्यक्षिक झालं, असला मजकूर. पण संपादक चित्रकार आणि लिहिणारा असल्यामुळे पत्र तेवढ्यावर थांबलं नाही. उद्योगधंदा, आरोग्य, प्रवास, गोष्टी, समाजसुधारणा असं करत करत ते सगळ्या महाराष्ट्राचं मासिक झालं. एका माळरानावरच्या कारखान्यातून निघणारं मासिक पुण्यामुंबईच्या घरांत वाचलं जाऊ लागलं.

१९२९ मध्ये नावातली 'खबर' गेली आणि नुसतं 'किर्लोस्कर' राहिलं. यामागे आपल्या भगूरचे सावरकर आहेत. ते तेव्हा रत्नागिरीत स्थानबद्ध होते आणि भाषाशुद्धीचा आग्रह धरत होते. 'खबर' हा शब्द परका, तो काढा, असं त्यांचं म्हणणं. पुढे सावरकरांचे विज्ञाननिष्ठेवरचे अनेक लेख याच मासिकात आले. नाव बदललं ते बरं झालं की नाही यावर वाद घालता येईल. मला स्वतःला 'खबर' हा शब्द आवडतो. आपल्या बोलण्यात तो अजून आहे, "त्याची खबर घेते" असं आपण म्हणतोच! आणि हे मासिक पुढची बरीच वर्षं समाजाची खबरच घेत होतं.

१९३० मध्ये 'स्त्री' आणि १९३४ मध्ये 'मनोहर' अशी आणखी दोन मासिकं निघाली. लहान मुलांचा लाडका 'गोट्या' लिहिणारे ना. धों. ताम्हनकर हेही किर्लोस्करवाडीचेच. त्या वाडीत किती आणि काय काय चालत होतं, हा एक वेगळा लेख होईल.

व्यंगचित्र छापायचं कसं?

हा भाग मी मुद्दाम सविस्तर लिहिते आहे, कारण मुलं हाच प्रश्न विचारतात. "मॅडम, तेव्हा झेरॉक्स नव्हतं तर चित्र पेपरात कसं जायचं?"

तेव्हाची छपाई म्हणजे खिळ्यांची. शिशाच्या मिश्रधातूचं एकेक उलटं अक्षर, त्याला खिळा म्हणायचे. खिळे जुळवून ओळी करायच्या, ओळींचं पान करायचं, वर शाई फिरवायची आणि कागद दाबायचा. अक्षराचा जो भाग उंच, त्यालाच शाई लागते. आपण बटाटा कापून ठसे काढतो ना, तेच तत्त्व.

मग चित्र छापायचं तर त्याच्याही रेषा उंच पाहिजेत. त्यासाठी चित्राचा ठोकळा, म्हणजे ब्लॉक करावा लागे. चित्रकार पांढऱ्या कागदावर काळ्याभोर शाईने, छापायच्या आकारापेक्षा मोठं चित्र काढत असे. मोठं अशासाठी की लहान केल्यावर रेषा रेखीव दिसतात आणि हाताचा थोडा थरथराट झाकला जातो. त्या चित्राचा फोटो काढून त्याची निगेटिव्ह जस्ताच्या पत्र्यावर ठेवायची. पत्र्यावर उजेडाने कडक होणारा लेप दिलेला असतो. निगेटिव्हमध्ये चित्राच्या रेषा पारदर्शक असतात, तिथून उजेड आत जातो आणि तेवढाच लेप कडक होतो. बाकीचा लेप धुऊन टाकायचा आणि पत्रा ॲसिडमध्ये सोडायचा. उघडा पडलेला भाग ॲसिड खातं, झाकलेल्या रेषा उंच उरतात. हा पत्रा लाकडावर ठोकून त्याची उंची खिळ्यांएवढी केली की चित्र आणि मजकूर एकाच पानात छापता येतो.

यात एक अडचण आहे. या पद्धतीत फक्त काळं आणि पांढरं असतं, राखाडी नाही. सावली दाखवायची तर चित्रकाराने जवळजवळ रेघा मारायच्या. दाट रेघा म्हणजे गडद, विरळ रेघा म्हणजे फिकट. जुन्या व्यंगचित्रांत कपड्यांवर, भिंतींवर एवढ्या तिरक्या रेघा का दिसतात, त्याचं हे कारण. राखाडी छटा छापायला बारीक ठिपक्यांचा हाफटोन ब्लॉक लागतो, आणि तो उठायला कागदही गुळगुळीत लागतो. व्यंगचित्राला साधा खरबरीत कागद चालतो. फोटो छापणं महाग असण्याच्या काळात व्यंगचित्राचं राज्य होतं ते काही उगाच नाही.

या सगळ्या उद्योगाशी आपल्या जिल्ह्याचंही नातं आहे. त्र्यंबकेश्वरचे दादासाहेब फाळके सिनेमात येण्याआधी ब्लॉक करण्याच्या आणि छपाईच्या धंद्यात होते. लोणावळ्याला त्यांचा छापखाना होता. 'राजा हरिश्चंद्र' आला १९१३ साली, त्याच्या आधीची ही गोष्ट.

वर्गात हे करून बघायचं असेल तर ॲसिडची गरज नाही. जाड पुठ्ठ्यावर फेव्हिकॉलने चित्राच्या रेषा काढा, रात्रभर वाळू द्या, वरून स्टॅम्प पॅडची शाई फिरवा आणि कागद दाबा. उंच रेषा छापल्या जातात. नाव लिहायला सांगितलं तर पहिल्यांदा सगळ्यांचं उलटं छापलं जातं. तिथे आरशाचा धडा आपोआप होतो.

चित्रांचा रोख कुणावर?

शंकररावांच्या आधी मराठी मुलखात विनोदी चित्रं नव्हती असं नाही. लंडनला १८४१ मध्ये 'पंच' नावाचं साप्ताहिक निघालं आणि त्याच्या नकला देशभर निघाल्या. लखनौला 'अवध पंच', मुंबईला 'हिंदी पंच', ठाण्याला मराठी 'हिंदुपंच'. या 'हिंदुपंच'वर गोपाळ कृष्ण गोखल्यांनी बदनामीचा खटला भरला होता. म्हणजे टीका कुठपर्यंत आणि निंदा कुठून सुरू, हा प्रश्न काही आजचा नाही.

सरकारवर बोलणं तर आणखी अवघड होतं. आपल्या नाशिकचाच इतिहास आठवा. २१ डिसेंबर १९०९ च्या रात्री विजयानंद नाट्यगृहात अनंत कान्हेरेंनी कलेक्टर जॅक्सनवर गोळ्या झाडल्या. त्यानंतर दोनच महिन्यांत, १९१० मध्ये, छापखाने आणि वर्तमानपत्रं यांच्याकडून जामीन रक्कम मागणारा कडक कायदा आला. एक चित्र चुकलं तर अख्खा छापखाना जाईल, असा काळ.

त्या रात्री विजयानंदमध्ये कोणतं नाटक होतं माहीत आहे? 'संगीत शारदा'. म्हाताऱ्या नवऱ्याच्या गळ्यात बांधल्या जाणाऱ्या लहान मुलीची गोष्ट. गोविंद बल्लाळ देवलांचं नाटक, आणि ते करणारी मंडळी किर्लोस्कर नाटक मंडळी, अण्णासाहेब किर्लोस्करांनी काढलेली. अण्णासाहेब आणि नांगरवाले लक्ष्मणराव, दोघांचाही जन्म बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचा.

शंकररावांच्या व्यंगचित्रांचा विषय बराचसा हाच होता, आपलं घर आणि आपला समाज. बालविवाह, हुंडा, विधवांचे हाल, बायकांचं शिक्षण, बुवाबाजी, शिवाशिव, शकुन-अपशकुन. इंग्रजांना हसणं धोक्याचं होतं, पण शेजाऱ्याला, सासऱ्याला, भटजीबुवांना आणि स्वतःला हसणं त्याहून सोपं होतं असं समजू नका. इंग्रज साहेब मराठी मासिक वाचून रागावून अंक बंद करणार नव्हता. वर्गणीदार करू शकत होता. हे मासिक घरात येणार, माजघरातल्या बायका ते बघणार, आणि त्या चित्रात आपल्याच घरातला म्हातारा ओळखू येणार. त्यात जोखीम होती ती ही.

१९३० हे एकच वर्ष घ्या. २ मार्चला नाशिकला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली काळाराम मंदिर सत्याग्रह सुरू झाला. दहाच दिवसांनी गांधीजी दांडीला निघाले. १ एप्रिलपासून सारडा कायदा लागू झाला, मुलीच्या लग्नाचं वय किमान १४ आणि मुलाचं १८. आणि त्याच वर्षी किर्लोस्करवाडीहून बायकांसाठी 'स्त्री' मासिक निघालं. पंचवटीत मंदिराचे दरवाजे बंद होते, आणि शिवाशिवीविरुद्ध बोलणारं मासिक पोस्टाने घराघरांत जात होतं. चित्राने दरवाजे उघडले असं म्हणणं खोटं होईल. सत्याग्रह पुढे काही वर्षं चालला आणि त्या सत्याग्रहींनी जे सोसलं ते कुठल्याही टाकाने सोसलेलं नाही. पण दरवाज्याच्या आत बसलेल्या माणसाला घरबसल्या अस्वस्थ करायचं काम व्यंगचित्र करू शकतं, आणि शंकरराव ते महिन्यामागून महिने करत होते.

एक गोष्ट मात्र मोकळेपणाने म्हणायला हवी. आजच्या मुलांना ही चित्रं दाखवली तर ती लगेच खदाखदा हसतील असं नाही. त्या काळच्या व्यंगचित्रात उपदेश जास्त असायचा, आणि चित्राखालचा मजकूरही भरपूर. शब्दच नसलेलं चित्र काढून नुसत्या बघण्याने हसवणारे शि. द. फडणीस, किंवा मध्यमवर्गाच्या घरातले बारकावे टिपणारे वसंत सरवटे, हे पुढच्या पिढीचे. शंवाकिंना हसवण्यापेक्षा बोचायची घाई होती. शिवाय संपादकही तेच, चित्रकारही तेच आणि घर मालकाचं. त्यांचं चित्र परत करणारा कुणी नव्हता. हे त्यांचं बळ होतं, तसाच तोटाही. कारखान्याच्या मालकावर व्यंगचित्र काढायचं तर ते कारखान्याच्या मासिकात कसं येणार? मोठ्या वर्गात हा प्रश्न विचारून बघा, मुलं चांगली बोलतात.

मुलांना टिंगल शिकवायची का?

मी चौथीला व्यंगचित्र घेतलं तेव्हा एका पालकांनी मला गेटवरच गाठलं. "मॅडम, आधीच पोरं एकमेकांना नावं ठेवतात, त्यात तुम्ही टिंगल करायला शिकवता?" प्रश्न अजिबात चुकीचा नाही. वर्गात जाड मुलाला, तोतऱ्या मुलीला, चष्म्याला, रंगाला हसणं रोज चालतं. त्यात आपण कागद-पेन्सिल देऊन भर घालायची का?

याचं उत्तर शोधताना मला शब्दांचा उपयोग झाला. मराठीत तीन शब्द आहेत. नुसतं हसवतं ते हास्यचित्र. एखाद्या व्यक्तीचे नाक-डोळे वाढवून काढलेला चेहरा ते अर्कचित्र. आणि व्यंगचित्र म्हणजे ज्यात काहीतरी चुकतंय ते दाखवलेलं असतं. इथे 'व्यंग' म्हणजे शरीरातलं व्यंग नव्हे, वागण्यातलं. हा फरक मुलांना कळला की अर्धं काम झालं. मग फळ्यावर तीन प्रश्न लिहिले. ज्याला हसतोय तो हे बदलू शकतो का? तो आपल्यापेक्षा बलवान आहे की दुबळा? हे चित्र त्याच्यासमोर दाखवशील का?

पहिल्याच प्रश्नात जाड मुलगा आणि चष्मा बाहेर गेले, कारण ते बदलता येत नाही. दुसऱ्या प्रश्नात पहिलीतली लहान भावंडं सुटली. उरलं काय? घंटा वाजली तरी नळाशी पाणी सांडणारा मोठा वर्ग. एका व्हॅनमध्ये पंधरा मुलं कोंबणारे काका. गोदाघाटावर 'कचरा टाकू नये' या पाटीखालीच निर्माल्याची पिशवी सोडणारी मोटार. विधवेचं केशवपन ही आपल्या मुलांना न दिसलेली गोष्ट, पण त्यांच्या आजूबाजूला न बघता सोडलेल्या गोष्टी भरपूर आहेत.

एका मुलाने माझंच चित्र काढलं. टेबलावर मोबाईल, मोबाईलमध्ये शिरलेलं डोकं, मागे फळा कोरा, आणि फळ्याजवळ उभी मुलं. खाली लिहिलं होतं, "थांबा, माहिती भरतेय." आपल्यापैकी ज्यांना शाळेच्या वेळेत वरून येणारी ऑनलाइन माहिती तातडीने भरावी लागते, त्यांना हे चित्र वेगळं समजावून सांगायला नको! तिन्ही प्रश्नांना ते उतरत होतं. मी बलवान होते, गोष्ट बदलता येण्यासारखी होती (निदान थोडी तरी), आणि त्याने ते माझ्यासमोर आणून ठेवलं होतं. ते चित्र दर्शनी फलकावर लावलं. केंद्रप्रमुख आले तेव्हा त्यांनीही ते वाचलं, हसले, आणि पुढे गेले.

त्या पालकांनाही फलक दाखवला. त्यांचं पूर्ण समाधान झालं असं मी म्हणणार नाही. "तुमचं काढलं म्हणून ठीक, माझं काढलं तर?" असं म्हणून ते गेले. शंकररावांच्या वर्गणीदारांनीही दुसरं काय विचारलं असेल?

चित्र 'वाचायला' शिकवताना

ज्यांना हा तास घ्यायचा आहे त्यांच्यासाठी थोडं अनुभवाचं. चित्र दाखवल्याबरोबर अर्थ विचारू नका, मुलं तुमच्या तोंडाकडे बघून उत्तर देतात. आधी फक्त काय काय दिसतंय ते सांगायला लावा. मग कोण मोठं काढलंय आणि कोण लहान, ते विचारा. व्यंगचित्रकार महत्त्व आकाराने सांगतो. मग चित्राखालची ओळ झाकून ठेवा आणि त्यांना स्वतःची ओळ लिहू द्या. शेवटी मूळ ओळ उघडा. बऱ्याचदा मुलांची ओळ सरस निघते.

राजकीय पुढाऱ्यांची आजची व्यंगचित्रं प्राथमिकच्या वर्गात मी टाळते. मुलांना संदर्भ नसतो, आणि घरी वाद वेगळाच होतो. शंभर वर्षांपूर्वीचं चित्र असलं की राग शांत झालेला असतो, कारण समजावता येतं.

पुढचं आयुष्य

शंकररावांचं लिखाणही थोडं सांगायला हवं. लक्ष्मणरावांचं चरित्र त्यांनी 'यांत्रिकाची यात्रा' या नावाने लिहिलं. रंग न ओळखू शकणाऱ्या काकांची गोष्ट चित्रकार पुतण्याने लिहिली, असं ते पुस्तक आहे. सातवी-आठवीच्या मुलांना त्यातले सायकलच्या दुकानाचे आणि नांगराचे प्रसंग वाचून दाखवता येतात. स्वतःची हकिकत त्यांनी 'शंवाकीय' या पुस्तकात सांगितली. मासिकांचं काम पुढे मुलगा मुकुंदराव यांनी सांभाळलं, मासिकं किर्लोस्करवाडीहून पुण्याला गेली. 'स्त्री'च्या संपादक राहिलेल्या विद्या बाळ यांनी नंतर 'मिळून साऱ्याजणी' काढलं, ते अनेकांच्या घरी येत असेल.

१ जानेवारी १९७५ रोजी, वयाच्या ८४ व्या वर्षी शंकरराव गेले.

त्यांची चित्रं बघायची तर 'किर्लोस्कर'चे जुने बांधीव अंक शोधावे लागतात. जुन्या ग्रंथालयांत विचारून बघा. आपल्या नाशिकचं सार्वजनिक वाचनालय तर १८४० पासूनचं आहे, आणि बहुतेक तालुक्याच्या गावी एखादं जुनं वाचनालय असतंच. अंक मिळाले तर एवढं करा, पानं ठिसूळ झालेली असतात, मुलांच्या हातात थेट देऊ नका. टेबलावर उघडून, फ्लॅश बंद ठेवून मोबाईलवर फोटो काढा आणि वर्गात मोठं करून दाखवा. तिरक्या रेघा नीट दिसतात.